संघ सोडून जाणारे खेळाडू: राग नक्की कुणावर काढायचा?

विश्रामबागकर (धागाकर्ता)

न्यूकॅसलचा स्ट्रायकर अलेक्झांडर इसाक एकदाचा लिव्हरपूलला आला. साडेबारा कोटी पौंड, ब्रिटनमधला तोवरचा सगळ्यात महागडा फुटबॉल सौदा. मी पक्का लिव्हरपूलवाला, त्यामुळे २०२५ च्या १ सप्टेंबरच्या रात्री फोटो येईपर्यंत जागलो, खोटं कशाला बोलू. पण दुसऱ्या दिवशी आमच्या सांगलीच्या ग्रूपवर जो जल्लोष चालला होता तो वाचून जरा हसू आलं. याच मंडळींनी मे महिन्यात आमच्याच ट्रेंट अलेक्झांडर-अर्नोल्डला शिव्यांची लाखोली वाहिली होती. सहा वर्षांचा असल्यापासून लिव्हरपूलमध्ये वाढलेला पोरगा, करार पूर्ण करून रिअल माद्रिदला निघाला तर तो गद्दार. आर्सेनलविरुद्ध मैदानात उतरला तेव्हा घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. आणि इसाकचा न्यूकॅसलशी करार २०२८ पर्यंतचा, तो संघाबरोबर सराव करायलाच तयार नव्हता, तर तो मात्र 'मोठी स्वप्नं बघणारा'.

तर मंडळी, संघ सोडणाऱ्यावर तुमचा राग कधी असतो आणि कधी नसतो? कुठलाही क्लब चालेल, आपल्याकडचे मांडव-मंडळवाले संघसुद्धा. फक्त एकमेकांची आईबहीण काढू नका, मागचा धागा त्यापायीच बंद झाला.

तासगावी_बेदाणा

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. न्यूकॅसलवाले काका कुठायत?

सेंट_जेम्स_सांगली

आलो. सांगलीतला एकुलता एक न्यूकॅसलवाला म्हणून मला जरा जास्त जागा द्या.

मी हा क्लब धरला तो स्ट्रायकर अॅलन शिअररमुळे. १९९६ साली ब्लॅकबर्नहून दीड कोटी पौंडांना आला, तेव्हा जगातला सगळ्यात महाग खेळाडू. मँचेस्टर युनायटेड मागं लागलं होतं, तरी हा गडी आपल्या गावाला, न्यूकॅसलला आला. आता त्यानंतर काय झालं? काही नाही. म्हणजे खरंच काही नाही. १९५५ च्या एफए कपनंतर इंग्लंडातली एकही मोठी ट्रॉफी नाही. लोक विचारायचे, काय बघतोस रे त्यात? २०२५ च्या मार्चमध्ये वेम्बलीवर लीग कपची फायनल, समोर विश्रामबागकरांचं लिव्हरपूल. पहिला गोल डॅन बर्नचा हेडरनं, दुसरा इसाकचा. २-१. सत्तर वर्षांनी. मी घरात ओरडलो तर खालच्या मजल्यावरच्या काकू वर आल्या, काय झालं म्हणून.

आणि ज्यानं तो गोल मारला तोच पाच महिन्यांत म्हणतो की मला यांच्यासाठी खेळायचं नाही. आशियाच्या दौऱ्यावर न जायला मांडीच्या दुखापतीचं कारण, आणि मग बातमी येते की साहेब स्पेनमध्ये जुन्या क्लबच्या, रिअल सोसिएदादच्या मैदानावर एकटेच सराव करतायत. ऑगस्टमध्ये इन्स्टाग्रामवर पत्रक काढलं की मला दिलेला शब्द मोडला. कुणी दिला, काय दिला, काही नाही.

२५ ऑगस्टचा सामना आठवतोय? आपल्याकडं रात्री साडेबाराला सुरू. इसाक नाही, म्हणजे नऊ नंबरच, मुख्य स्ट्रायकरच नाही. आमच्या गॉर्डनला लाल कार्ड. दहा जणांत ०-२ वरून २-२ केलं. आणि शंभराव्या मिनिटाला लिव्हरपूलच्या त्या एन्गुमोहानं, सतरा पूर्ण व्हायला चार दिवस बाकी असलेल्या पोरानं, गोल मारला. त्या रात्री मला एन्गुमोहाचा राग आला नाही, लिव्हरपूलचाही आला नाही. जो मैदानावर नव्हता त्याचा आला.

जा ना. कोण अडवतंय? पण तोंडावर सांगून जा, आणि जाईपर्यंत खेळ.

विश्रामबागकर

काका, प्रतिसाद आवडला. फायनलची आठवण काढली नसती तरी चाललं असतं.

वाळव्याचा_वाघ

आमच्या भागातल्या लोकांना हे समजावून सांगायची गरज नाय. ऊसतोडीची टोळी एका वाहतूकदाराकडनं उचल घेती आणि हंगाम सुरू झाला की दुसऱ्याच कारखान्याच्या फडात उभी. इसाकनं तेच केलं की लका! पैसं एकाचं, कोयता दुसऱ्याचा.

ताळेबंद

वाघभाऊ, उपमा झकास आहे पण लागू होत नाही. टोळी पळाली तर वाहतूकदाराची उचल बुडते. इथं न्यूकॅसलनं २०२२ मध्ये साधारण सहा कोटी पौंडांना घेतलेला खेळाडू साडेबारा कोटींना विकला. उचल दुपटीनं परत मिळालेला एक तरी वाहतूकदार दाखवा.

मी पेशानं हिशेबाचंच काम करते, म्हणून या प्रकाराची दुसरी बाजू सांगते, जी ग्रूपवर कुणी बोलत नाही. प्रीमियर लीगचा २०२५-२६ च्या मोसमापर्यंतचा नियम असा की तीन वर्षांत मिळून क्लबला १० कोटी ५० लाख पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवता येत नव्हता. आता खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत एकदम खर्चात पडत नाही, कराराच्या वर्षांत विभागली जाते. १० कोटींचा खेळाडू पाच वर्षांच्या करारावर घेतला तर दरवर्षी २ कोटी खर्च. तीन वर्षांनी त्याची पुस्तकी किंमत उरली ४ कोटी. तो ५ कोटींना विकला तर नफा किती? फक्त १ कोटी.

आणि अकादमीत वाढलेला गावचा पोरगा? त्याची पुस्तकी किंमत शून्य. साडेतीन कोटींना विकला तर साडेतीनच्या साडेतीन कोटी नफा, त्याच वर्षी.

म्हणजे नियम काय सांगत होता? बाहेरून आणलेला ठेवा आणि घरचा विका. चेल्सीनं मेसन माऊंट विकला, कॉनर गॅलाघर विकला, दोघंही लहानपणापासून चेल्सीचे. आणि काका, रागवू नका, पण २०२४ च्या जूनमध्ये तुमच्याच न्यूकॅसलनं एलियट अँडरसन नॉटिंगहॅम फॉरेस्टला विकला. टायनसाइडचा पोरगा, तिथल्याच अकादमीतला. हिशेब वर्षअखेरीच्या आत बसवायचा होता. त्याला कुणी विचारलं होतं का, तुला जायचंय का म्हणून? तेव्हा क्लबला गद्दार म्हणणारे फलक मला तरी दिसले नाहीत.

सेंट_जेम्स_सांगली

अँडरसनचं दुखणं मी कधी विसरलो नाही, ताई. पण मुद्दा मान्य.

तासगावी_बेदाणा

म्हणून चेल्सी आठ-आठ वर्षांचे करार करत होती होय! त्यांच्या मुद्रिकचा साडेआठ वर्षांचा होता.

ताळेबंद

बरोबर. जितकी वर्षं जास्त तितका दरवर्षीचा खर्च कमी. २०२३ मध्ये युएफानं, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेनं, हिशेबासाठी पाच वर्षांची मर्यादा घातली, नंतर प्रीमियर लीगनंही.

जुना_हाफबॅक

बरंच वाचलं, आता थोडं म्हाताऱ्याचं ऐका. मी मिरजेला रेल्वेच्या पोरांबरोबर खेळून मोठा झालो, तेव्हा 'ट्रान्स्फर विंडो' वगैरे काही ठाऊक नव्हतं. पण संघ सोडणं काय असतं ते आम्ही १९९० मध्येच पाहिलं.

इटलीचा वर्ल्डकप दूरदर्शनवर लागला होता. त्याच्या आधी मे महिन्यात रॉबर्टो बॅजिओला फिओरेंतिनानं युव्हेंटसला विकलं. फ्लॉरेन्समध्ये दंगल झाली, अक्षरशः रस्त्यावर दगडफेक. लक्षात घ्या, विकलं क्लबनं. बॅजिओ स्वतः नाखूश होता. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये तो युव्हेंटसच्या जर्सीत फ्लॉरेन्सला आला. पेनल्टी मिळाली. युव्हेंटसचा पेनल्टी मारणारा कोण? बॅजिओ. त्यानं नकार दिला. दुसऱ्यानं मारली, गोलीनं अडवली, युव्हेंटस १-० हरलं. त्याला बदलून बाहेर काढलं तेव्हा प्रेक्षकांतून कुणीतरी फेकलेला जांभळा स्कार्फ त्यानं उचलून घेतला. फ्लॉरेन्सवाल्यांनी माफ केलं, तुरिनवाले मात्र बरीच वर्षं कुरकुरत राहिले. त्यांचंही बरोबरच होतं की! पगार कोण देत होतं? मला विचाराल तर पेनल्टी मारायला हवी होती.

बातिस्तुताचं मला जास्त पटतं. १९९३ मध्ये फिओरेंतिना खालच्या डिव्हिजनला गेली तेव्हा तो राहिला, वर आणली, नऊ वर्षं दिली. २००० मध्ये रोमाला गेला कारण लीग जिंकायची होती. नोव्हेंबरमध्ये फिओरेंतिना समोर आली, लांबून एक सणसणीत व्हॉली मारला, रोमा १-० जिंकली आणि हा रडत उभा. रडला, पण मारला. त्याच मोसमात रोमानं लीग जिंकली.

फिगोचं वेगळं. तो बार्सिलोनातून सरळ रिअल माद्रिदला, २००० च्या जुलैत. पेरेझ तेव्हा माद्रिदच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीला उभा होता, मला निवडून द्या, फिगो आणतो असं त्याचं आश्वासन. आणलंच नाही तर सभासदांची वर्षाची तिकिटं मी भरतो, असंही सांगून बसला. कुणाला वाटलं नव्हतं तो निवडून येईल. आला! आणि स्पेनमध्ये करारात सुटकेची रक्कम लिहिलेली असते, तेवढी कुणी आणून ठेवली की क्लबला नाही म्हणता येत नाही. सहा कोटी युरोंच्या आसपास रक्कम ठेवली आणि माणूस उचलला. २००२ च्या नोव्हेंबरमध्ये कॅम्प नूवर कॉर्नर मारायला गेला तर बाटल्या, लायटर आणि डुकराचं मुंडकं. सामना थांबवावा लागला.

पैसे, कागद, नियम सगळं रीतसर होतं बरं का फिगोचं. तरी पंचवीस वर्षं राग गेलेला नाही.

मिरज_जंक्शन

काका, एक नंबर. असं लिहीत जा हो अधूनमधून.

स्मृतीची_फॅन

क्रिकेटमध्ये हे कमी का? आमची स्मृती (हो, सांगलीचीच, सगळ्यांना सांगायलाच हवं) २०२३ ला महिला प्रीमियर लीगच्या लिलावात ३ कोटी ४० लाखांना बंगळुरूकडे गेली, पण तिला महाराष्ट्राची गद्दार कुणी म्हटलं नाही.

ताळेबंद

लिलावात खेळाडू जात नाही, नेला जातो. शिवाय राग तिथंही येतो, फक्त उलटा. हार्दिक गुजरातहून मुंबईला *परत* आला तरी २०२४ मध्ये वानखेडेवर त्याची हुर्यो उडवली, कारण रोहितचं कप्तानपद गेलं होतं.

पांढरा_रस्सा

कोल्हापूरकर बोलू का? पाहुणा म्हणून ऐकून घ्या.

तुम्ही लोक टीव्हीवरच्या क्लबांसाठी भांडताय. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर या. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, नुसती नावं घेतली तरी पेठेत दोन गट पडतात. इथं संघ म्हणजे तालीम, तालीम म्हणजे गल्ली. केएसएची (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची) खेळाडू नोंदणी सुरू झाली की कोण कुणाकडं गेला याचीच चर्चा चहाच्या टपरीवर, आणि एखादा पाटाकडीलचा पोरगा पलीकडं गेला की त्याला त्याच गल्लीतनं दूध आणायला जायचं असतंय, हे लक्षात घ्या. फिगोला निदान कॅम्प नूच्या बाजूला राहायचं नव्हतं.

आता नायजेरियातले, गोव्यातले खेळाडू येतात, त्यांनी मोसमामोसमाला तालीम बदलली तर कुणी काय म्हणत नाही. राग फक्त गल्लीतल्यावर. आणि तुमचा अनिकेत जाधव घ्या, नव्हे आमचा. २०१७ चा सतरा वर्षांखालचा वर्ल्डकप खेळला, मग इंडियन अॅरोज, जमशेदपूर, हैदराबाद असा फिरला, तर आम्हाला अभिमानच. लांब गेला तर नाव काढलं, शेजारी गेला तर नाव घालवलं! नाद खुळा हिशेब आहे.

मिरज_जंक्शन

हे शंभर टक्के खरं. आमचंच सांगतो. नावं घेत नाही, इथले लोक ओळखतील.

आमच्या मंडळाचा एक राइट विंगर, जात्याच वेगवान. दोन वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या एका संघानं बोलावलं. पैसे थोडे, पण बूट, डाएट आणि रोज हिरवळीवर सराव. आमच्याकडं काय? शाळेचं मैदान, त्यात अर्ध्यावर क्रिकेटवाले, आणि पावसाळ्यात चिखल. गेला तो. सेक्रेटरीनं महिनाभर फोन उचलला नाही त्याचा.

त्याची सात नंबरची जर्सी मात्र मंडळाकडंच होती. नवीन जर्सीला पैसे नाहीत, म्हणून सेक्रेटरीनंच ब्लेड घेऊन पाठीवरचं नाव उसवलं. अक्षरं गेली, पण निळ्या कापडावर टाक्यांची भोकं आणि न उडालेल्या रंगाची गडद पट्टी तशीच. नवीन पोरगा ती घालून मैदानात आला की लांबूनसुद्धा जुनं आडनाव वाचता येतं. पहिल्याच सामन्यात समोरच्या बाजूनं कुणीतरी त्याला त्या आडनावानंच हाक मारली, आणि हा वळला पण!

मागच्या हिवाळ्यात मिरजेच्या स्पर्धेत तो जुना विंगर आमच्याच विरुद्ध आला. दोन गोल केले. सेलिब्रेशन नाही, हात जोडले नाहीत, काही नाही, बॉल उचलून सेंटरला ठेवला. मला ते फार आवडलं. हल्ली गोल मारून दोन्ही हात वर करून माफी मागायची जी फॅशन आहे ना, ती बघवत नाही.

वाळव्याचा_वाघ

आणि आडेबायोर? आर्सेनल सोडून गेला आणि मँचेस्टर सिटीकडनं गोल मारून अख्खं मैदान पळत जाऊन आर्सेनलच्या लोकांसमोर गुडघ्यावर घसरला. ते बघवतं का? मला तर लई आवडलं होतं.

मिरज_जंक्शन

वाघा, तू आर्सेनलवाला नाहीस म्हणून.

वाळव्याचा_वाघ

हाय की! म्हणूनच लक्षात राहिलंय.

सेंट_जेम्स_सांगली

मिरज_जंक्शन, जर्सीवाली गोष्ट वाचून आमच्या हिनं विचारलं, नवीन जर्सीला वर्गणी किती लागेल. खरंच विचारतोय, व्यक्तिगत निरोप करा.

कलकत्ता_रिटर्न

नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात काढली. १९८५ मध्ये कृशानू दे आणि विकाश पांजी ही जोडी मोहन बागान सोडून ईस्ट बेंगॉलला गेली, ते तिथले म्हातारे काल घडल्यासारखं सांगतात. त्या काळी सही होईपर्यंत खेळाडूंना लपवून ठेवायचे, समोरच्या क्लबचे लोक शोधत फिरायचे. आता वकील फिरतात. २०२४ मध्ये अन्वर अली मोहन बागान सोडून ईस्ट बेंगॉलला गेला, तर भारतीय फुटबॉल फेडरेशनच्या समितीनं चार महिन्यांची बंदी आणि १२ कोटी ९० लाखांची भरपाई लावली. प्रकरण लगेच दिल्ली उच्च न्यायालयात. इतकी वर्षं गेली, भांडण तेच, फक्त गुंड गेले आणि फायली आल्या.

तासगावी_बेदाणा

धागा वर काढतोय. इंडियन सुपर लीगमधलं एफसी पुणे सिटी आठवतंय का कुणाला? २०१४ ते २०१९. आम्ही तासगावहून ट्रॅक्सनं बालेवाडीला जायचो, केशरी-जांभळे स्कार्फ घालून. तिथं खेळाडू नाही, अख्खा क्लबच गेला. बंद पडला आणि त्याच्या जागी हैदराबाद एफसी उभं राहिलं. आता हैदराबादवाल्यांचाही क्लब उठून दिल्लीला गेलाय. आम्ही स्कार्फ कुणावर फेकायचा?

पांढरा_रस्सा

बेदाण्या, म्हणून सांगतो तालीम धर. तालीम कुठं जात नाही.

विश्रामबागकर

हे भारी आहे. फिगो गेला तर निदान कॅम्प नू जागेवर होतं.

मूळ प्रश्नावर माझं मत आता असं होत चाललंय की ट्रेंटला शिव्या घालायला नको होत्या. करार पूर्ण केला, क्लबनं वेळेत नवीन करार करून घेतला नाही, ती क्लबची चूक. वर रिअलनं क्लब वर्ल्डकपसाठी महिनाभर आधी सोडा म्हणून थोडेफार पैसेही दिले. करार संपल्यावर फुकट जाण्याचा हक्क मिळाला तो बेल्जियमच्या बॉसमन या खेळाडूच्या खटल्यातून, निकाल १९९५ च्या डिसेंबरमध्ये लागला. त्याआधी करार संपला तरी क्लब पैशांशिवाय सोडत नसे. बॉसमन स्वतः त्या भांडणात कंगाल झाला. त्यानं मिळवून दिलेला हक्क कुणी वापरला की आपण त्यालाच शिव्या देतो.

सेंट_जेम्स_सांगली

आणि इसाक?

विश्रामबागकर

इसाकवर मी पक्षकार आहे, मत राखून ठेवतो.

सेंट_जेम्स_सांगली

खिक्. लबाड.

जुना_हाफबॅक

एक महत्त्वाचं राहिलं, आणि ते मिरज_जंक्शनच्या मंडळासाठी आहे. फिफाच्या नियमांत छोट्या क्लबांसाठी तरतूद आहे, आपल्याकडं कुणी वाचत नाही. खेळाडू करार चालू असताना एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबला विकला गेला, तर रकमेतले ५ टक्के त्याला वयाच्या बाराव्या ते तेविसाव्या वर्षांत घडवणाऱ्या क्लबांत वाटायचे असतात. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षाला एकूण रकमेच्या पाव टक्का, पुढं प्रत्येक वर्षाला अर्धा टक्का. समजा दहा कोटींना गेला, तर तेराव्या वर्षी तो तुमच्याकडं खेळला म्हणून एका वर्षाचे अडीच लाख. २०२२ पासून हे पैसे वाटायला फिफाचं क्लिअरिंग हाऊससुद्धा आहे.

अट एकच. तो त्या वर्षी तुमच्याकडं *नोंदलेला* पाहिजे. तोंडी सांगून, गणपतीतल्या फोटोत आहे म्हणून, चालत नाही.

मिरज_जंक्शन

काका, आमची निम्मी पोरं कुठंच नोंदलेली नाहीत. स्पर्धेपुरती यादी देतो, संपलं.

जुना_हाफबॅक

तेच म्हणतोय. गेलेल्याला गद्दार म्हणायला महिनाभर वेळ आहे, नोंदणीला एक दुपार नाही. क्लब आधी जिल्हा संघटनेमार्फत संलग्न आहे का ते बघा, मग फेडरेशनच्या ऑनलाइन यंत्रणेत एकेकाची नोंद. जन्मदाखला, आधार, फोटो, पालकांची सही.

ताळेबंद

कागद मला स्कॅन करून द्या, भरून देते. फोटो मोबाइलवर आडवे काढू नका, फॉर्म नाकारतात.

मिरज_जंक्शन

ताई, रविवारी सकाळी सरावाला सगळे येतात. सातला या. जन्मदाखले आणायला सांगतो, पण दोघांचे गावाकडं आहेत आणि एकाचं नाव दाखल्यावर वेगळं आणि आधारवर वेगळं आहे, त्याचं काय करायचं ते पण सांगा.